हाताने तपासायचा आजार

पुणे, गुरुवार, 16 जुलै 2020

सकाळी 6:45
गळ्यात ओळखपत्र, पर्समध्ये रुग्णालयाचे पत्र. मंगळवारपासून शहर पुन्हा कडक बंद आहे; दूध आणि औषधे तेवढी सुरू. गल्ल्यांना पत्रे ठोकलेत, त्यामुळे स्कूटर लांबून न्यावी लागते.

7:30
मी न्यूरॉलॉजी विभागात औषध-चाचण्यांची समन्वयक. आल्या आल्या पहिले काम फ्रीझरचे: उणे 80 अंश, वहीत नोंद, सही. आत सहभागी रुग्णांच्या रक्ताचे नमुने आहेत. शेजारचा वॉर्ड आता कोविडचा झालाय आणि आमचे निवासी डॉक्टरही तिकडेच ड्यूटीवर आहेत.

8:15
सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षकांना फोन. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, मीही. त्यांना पार्किन्सन्स आहे. आजची तपासणी रात्रीच्या गोळीचा अंमल उतरल्यावर, सकाळची गोळी घ्यायच्या आधी करायची असते.

"काकू, गोळी दिली नाहीत ना?"

"नाही हो ताई, पण बटण लावता येईना म्हणून चिडलेत. लवकर करा."

पुण्याला यायचे तर ई-पास हवा, आणि ऐन बंदमध्ये सत्तरीच्या माणसाला कोविड रुग्णालयात बोलवायला माझे मन धजत नाही.

9:00
व्हिडिओ कॉलवर आमचे डॉक्टर. नातू फोन धरून उभा. आधी अंगठा आणि तर्जनी भराभर जुळवायची, मग मूठ उघडमीट, मग पडवीतून चालत जाऊन वळायचे. हातांचा कंप स्पष्ट दिसतो. पण बोटे जुळवताना मध्येच हालचाल थांबते. बोट अडखळले की नेटवर्क? डॉक्टर पुन्हा करायला लावतात. गुरुजी दमतात. तिसऱ्यांदा चित्र नीट येते, पण दमलेल्या हाताचा गुण खरा मानायचा का?

या तपासणीच्या हालचालींच्या भागाला एकूण 132 गुण. त्यांतले 24 पडद्यावरून देताच येत नाहीत. स्नायूंचा ताठरपणा बघायला डॉक्टरला मान, मनगट, पाय स्वतःच्या हातात घेऊन फिरवावे लागतात. तोल बघायला पाठीमागे उभे राहून खांदे झटक्याने ओढावे लागतात, आणि रुग्ण पडलाच तर सावरायची तयारी ठेवावी लागते. हे काम नातवावर सोपवता येत नाही. ते रकाने रिकामे राहिले. पुढच्या भेटीत ते भरता येणार नाहीत, कारण तोवर आजार पुढे गेलेला असेल.

तपासणी संपताच काकूंनी गोळी दिली. बोलता बोलता म्हणाल्या, "मार्चपासून यांचं फिरणं बंद. रोज देवळापर्यंत जायचे." हे वाक्य मी जसेच्या तसे नोंदवले. गुरुजींचे पाऊल मंदावलेय ते आजाराने, न चालल्याने, की भीतीने झोप उडाल्याने? चाचणीतली गोळी खरी असो वा नुसती दिसायला तशी, ती घेणाऱ्या दोन्ही गटांतली माणसे घरात कोंडली गेली आहेत. दोन्ही गट एकदम खालावले, तर औषधाचा जो थोडाफार गुण असेल तो त्या गोंधळात बुडून जाईल. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

11:30
मोटर न्यूरॉन आजाराच्या रुग्णाच्या घरी फोन. बोलणे, गिळणे, जिना चढणे, श्वास: 12 प्रश्न, 48 गुण. हे फोनवर नीट होते. फुंकर मारून फुप्फुसांची ताकद मोजायची चाचणी मात्र बंद आहे, कारण फुंकरीतून विषाणू पसरतो. या आजाराच्या बहुतेक रुग्णांकडे लक्षणे सुरू झाल्यापासून दोन ते पाच वर्षे असतात. "परिस्थिती निवळली की बघू" हे त्यांना सांगणे मला क्रूरपणाचे वाटते.

1:15
डबा. प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीशी फोनवर बोलले. मार्चमध्ये परदेशातल्या कितीतरी प्रयोगशाळांनी आपले उंदीर कमी करून टाकले. अल्झायमरच्या अभ्यासाचा उंदीर म्हातारा व्हायला अनेक महिने लागतात. कुलूप उघडले तरी ते महिने पुन्हा मोजावेच लागणार.

2:30
नियमभंगाचे अर्ज. भेट चुकली, चाचणी झाली नाही, औषध कुरियरने घरी पाठवले. प्रत्येकाला तारीख आणि कारण. कारणाच्या रकान्यात दिवसभर तेच लिहायचे. तरी मी प्रत्येक अर्जात चुकलेल्या नेमक्या चाचणीचे नाव लिहिते, म्हणजे उद्या आकडे मांडणाऱ्याला कोविडमुळे पडलेली खिंडारे वेगळी काढता येतील.

5:00
एथिक्स कमिटीची ऑनलाइन बैठक. कोविडचे प्रस्ताव आधी, आणि ते योग्यच आहे. कोविड रुग्णांचा वास जातो, काहींना पक्षाघात होतो, त्यामुळे मेंदूच्या डॉक्टरांनाही त्यात काम आहेच. आमचा विषय शेवटी आला. मी दोन गोष्टी मागितल्या: फोनवरच्या भेटी ही साथ सरल्यावरही लांबच्या रुग्णांसाठी चालू ठेवाव्यात, आणि ताठरपणा व तोल तपासायला तालुक्याच्या ठिकाणचे डॉक्टर प्रशिक्षित करावेत. पहिली मान्य झाली. दुसरीवर पुढच्या बैठकीत बोलू म्हणाले.

7:00
निघण्याआधी सगळ्या सहभागी कुटुंबांना एक निरोप पाठवला. तो इथेही देते, कारण तो इतर रुग्णांच्या घरीही उपयोगी पडेल. एक वही करा. गोळीची वेळ, तिचा असर कधी सुरू झाला, कधी उतरला, तोल गेला का, झोप किती, चालणे किती, हे रोज लिहा. तब्येत अचानक बिघडली तर वहीवर थांबू नका, लगेच डॉक्टरांना कळवा. आणि तुमचा माणूस एखाद्या चाचणीत असेल, तर यायला जमत नाही म्हणून परस्पर बाहेर पडू नका. आधी केंद्राला फोन करा.