घरातील बिनतारी इंटरनेट : सिग्नल कमी का पडतो?



शिष्यवृत्तीचा अर्ज, स्पर्धा परीक्षेचा फॉर्म, महाविद्यालयाचा प्रवेश, सरावाची प्रश्नपत्रिका ही सर्व कामे आता इंटरनेटवरूनच करावी लागतात. पूर्वी फॉर्मसाठी रांगेत उभे राहावे लागे, तेव्हा निदान पुढे किती माणसे आहेत ते दिसत असे. आता शेवटच्या तारखेला रात्री साडेदहा वाजता पडद्यावर नुसते चक्र फिरत राहते आणि अर्ज गेला की नाही हेही कळत नाही. अशा वेळी वर्ष वाया जाण्याची पाळी येते. म्हणून या विषयाकडे केवळ करमणुकीचा विषय म्हणून पाहून चालणार नाही.

आपल्या देशात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली आणि २०२३ पासून याच लहरींवर चालणारी घरगुती ब्रॉडबँड सेवा शहरांतून मिळू लागली. ज्या गल्लीत फायबरची तार ओढणे कठीण, तेथे गच्चीवर किंवा खिडकीत एक लहानसे यंत्र बसवायचे, ते टॉवरकडून सिग्नल घेते आणि घरातील राऊटर तो वाय-फायच्या रूपाने सर्वांना वाटतो. आपल्या वस्तीतील अनेक घरांत व अभ्यासिकांत आज हीच व्यवस्था आहे. सोय चांगली आहे, पण ती बिघडली की बहुतेकांना एकच उपाय सुचतो, तो म्हणजे जास्त पैशांचा प्लॅन घेणे. माझ्या मते निम्म्याहून अधिक वेळा हा खर्च फुकट जातो, कारण दुखणे एकीकडे असते आणि औषध दुसरीकडे लावले जाते.

मी बँकेत कारकून आहे, विज्ञानाचा पदवीधर नाही. परंतु हिशेबात फरक आला तर तो कसा शोधावा हे मला ठाऊक आहे. आमच्या शाखेतील जुने हेडक्लार्क सांगत, की फरक आला म्हणून सगळी पाने उलटत बसू नका, आधी तो कोणत्या खात्यात आहे ते ठरवा. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल, तर बहुधा आकडे उलटे लिहिले गेलेले असतात, ही खूणही त्यांनीच शिकविली. येथेही तसेच आहे. टॉवरपासून तुमच्या मोबाइलपर्यंत दोन वेगवेगळे बिनतारी प्रवास होतात. पहिला टॉवर ते घरावरचे यंत्र हा बाहेरचा. दुसरा राऊटर ते मोबाइल हा घरातला. तोटा कोणत्या प्रवासात होतो हे आधी ठरवावे लागते.

ही परीक्षा अगदी सोपी आहे. घरातील इतर सर्व मोबाइल व टीव्ही वाय-फायवरून काढून टाकावेत. एकच उपकरण घेऊन राऊटरजवळ तीन-चार फुटांवर बसावे व वेग मोजावा. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजेच ट्राय, यांचे मायस्पीड नावाचे विनामूल्य ॲप आहे, ते चालेल. लॅपटॉप असेल तर लॅन केबलने थेट राऊटरला जोडून मोजल्यास अधिक उत्तम, कारण मग वाय-फायचा प्रश्नच मधून निघून जातो. राऊटरजवळ वेग चांगला आणि आतल्या खोलीत वाईट, तर दोष घरात आहे. राऊटरजवळही वाईट, तर दोष बाहेर आहे. ही परीक्षा सकाळी सहाला, दुपारी व रात्री दहाला अशी तीनदा करून वहीत लिहून ठेवावी. पहाटे चांगला आणि रात्री वाईट असे निघाले, तर तो तिसराच प्रकार आहे, त्याकडे पुढे येऊ.

घरातला दोष सर्वांत जास्त आढळतो आणि त्याला खर्चही सर्वांत कमी येतो. राऊटर दिसायला बरा दिसत नाही म्हणून लोक तो टीव्हीच्या मागे, शोकेसमध्ये किंवा लोखंडी कपाटावर भिंतीला टेकवून ठेवतात. लोखंडातून या लहरी जात नाहीत. आरशामागे धातूचा लेप असतो, तोही त्यांना अडवितो. पाणी त्यांना शोषून घेते, म्हणून पाण्याचे पिंप वा माशांची पेटी शेजारी नको. मायक्रोवेव्ह भट्टी साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालते आणि वाय-फायचा एक पट्टाही २.४ गिगाहर्ट्झचाच आहे, तेव्हा ती चालू असताना तेवढ्यापुरता वाय-फाय अडखळू शकतो. राऊटर घराच्या शक्य तितक्या मध्यावर, उंच व मोकळ्या जागी असावा.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. वाय-फायच्या यादीत घरच्या नावापुढे पुष्कळदा ‘५जी’ असे दिसते. त्याचा अर्थ तो मोबाइलचा ५जी नव्हे, तर ५ गिगाहर्ट्झचा वाय-फाय पट्टा होय. या पट्ट्यावर वेग जास्त मिळतो, पण तो भिंती ओलांडताना लवकर थकतो. २.४ चा पट्टा दूरवर पोहोचतो, पण तेथे गर्दी फार. इमारतीत चाळीस बिऱ्हाडे असतील तर चाळीस राऊटर त्याच पट्ट्यावर बोलत असतात. त्यात एकमेकांवर न येणाऱ्या वाहिन्या तीनच आहेत, १, ६ आणि ११. तेव्हा राऊटर असलेल्या खोलीत ५ चा पट्टा वापरावा आणि दोन भिंतींपलीकडे २.४ चा. शेजाऱ्यांच्या मानाने मोकळी वाहिनी राऊटरच्या सेटिंगमध्ये निवडता येते. आतल्या खोलीसाठी बाजारात रिपीटर मिळतो. स्वस्तातला रिपीटर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि त्याच पट्ट्यावर पुन्हा सांगतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. त्यापेक्षा राऊटरपासून अभ्यासाच्या टेबलापर्यंत लॅन केबल ओढावी. ती दिसते कशी याची चिंता गृहिणींना असते हे खरे, पण ऑनलाइन परीक्षा देणाऱ्या मुलासाठी तिच्यासारखा भरवशाचा मार्ग दुसरा नाही.

आता बाहेरचा प्रवास. मोबाइलवरच्या दांड्यांवर विसंबू नये, कारण किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपापले ठरविते. खरा आकडा राऊटरच्या सेटिंगच्या पानावर किंवा कंपनीच्या ॲपमध्ये आरएसआरपी या नावाने बहुधा सापडतो. तो डीबीएम या एककात व उणे चिन्हाने लिहितात. उणे चिन्ह पाहून गोंधळून जाऊ नये. त्याला ओव्हरड्राफ्टसारखे समजावे, म्हणजे उणे ९० हे उणे ११० पेक्षा बरे. साधारणपणे उणे ८० किंवा त्याहून बरे म्हणजे उत्तम, उणे ९० च्या आसपास चांगले, उणे १०० ला काम चालते आणि उणे ११० च्या खाली गेले की कुरकुर सुरू होते. या मापात १० चा फरक म्हणजे दहापट आणि ३ चा फरक म्हणजे दुप्पट. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलीवॅट. तेव्हा उणे १०० म्हणजे मिलीवॅटचा एक हजार कोटीवा भाग. एवढ्याशा शक्तीवर आपल्या घरात व्याख्यान दिसते व ऐकू येते, ही खरोखर नवलाची गोष्ट आहे.

दुसरा आकडा एसआयएनआर. सिग्नल गोंगाटाच्या मानाने किती वर आहे हे तो सांगतो. मिरवणुकीत शेजारचा माणूस कानाशी ओरडून बोलला तरी शब्द कळत नाहीत, पण रात्री शांत गल्लीत हळू बोललेले स्पष्ट ऐकू येते, तसेच हे आहे. हा आकडा २० च्या वर असेल तर उत्तम, शून्याच्या खाली गेला तर आरएसआरपी कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. पुष्कळ जण पहिला आकडा पाहतात आणि दुसरा पाहत नाहीत. माझा अनुभव असा, की खरी गोम दुसऱ्यात असते.

आमच्या भागातील एका अभ्यासिकेचे उदाहरण देतो. तेथे गच्चीवर यंत्र बसविले तेव्हा सर्व सुरळीत होते. काही महिन्यांनी मुलांची थेट व्याख्याने मध्येच थांबू लागली. राऊटरजवळ केबल लावून मोजले तरी वेग कमीच, म्हणजे दोष बाहेरचा. दोन विद्यार्थ्यांनी गच्चीवर जाऊन पाहिले, तर मधल्या काळात यंत्रासमोर पाण्याची नवी मोठी टाकी आली होती. भरलेली टाकी म्हणजे लहरींच्या दृष्टीने पाण्याची भिंतच. आकडा होता उणे १०९. कंपनीच्या तंत्रज्ञाला बोलावून यंत्र पूर्वेकडच्या कठड्याजवळ नुसते हातात धरावयास लावले, तेव्हा तोच आकडा उणे ९३ झाला. फरक केवळ १६ दिसतो, पण शक्ती सुमारे चाळीसपट वाढली. मग यंत्र तेथेच पक्के केले. प्लॅन मात्र तोच राहिला. त्या आधी वर्गणी काढून दुप्पट किमतीचा प्लॅन घेण्याचे ठरत आले होते, आणि ती वर्गणी देणाऱ्यांत रोजंदारीवर जाणाऱ्यांची मुले बरीच होती.

यावरून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. तंत्रज्ञ भिंतीला भोक पाडण्यापूर्वी त्याला चार ठिकाणी यंत्र धरून आकडे दाखविण्यास सांगावे. तो कंटाळला तरी आग्रह सोडू नये. आणि टॉवर कोणत्या दिशेला आहे हे आधी माहीत असावे. केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाने २०१७ साली सुरू केलेल्या तरंग संचार या संकेतस्थळावर आपल्या परिसरातील टॉवर नकाशावर पाहता येतात. मात्र गच्चीच्या कठड्यावर चढून यंत्र स्वतः हलविण्याचे धाडस कोणी करू नये, विशेषतः पावसाळ्यात.

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर थोडे त्याविषयी. ५जी साठी आपल्याकडे मुख्यतः ७०० मेगाहर्ट्झ, ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा व २६ गिगाहर्ट्झ हे पट्टे दिले गेले. पट्टा जितका वरचा, तितकी लहर आखूड, आणि लहर जितकी आखूड तितकी ती अडथळ्याला लवकर दबते. ७०० च्या लहरीची लांबी सुमारे ४३ सेंटिमीटर, ३५०० ची साडेआठ सेंटिमीटर, तर २६ गिगाहर्ट्झची जेमतेम साडेअकरा मिलिमीटर. कोलकात्यात आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९० च्या दशकात याहूनही आखूड, सुमारे पाच मिलिमीटरच्या लहरींवर प्रयोग केले होते, हे विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावे. मधल्या पट्ट्याला पावसाच्या सरीचा फारसा त्रास होत नाही. त्याला त्रास होतो तो समोरच्या झाडाच्या ओल्या पानांचा आणि भिजलेल्या भिंतींचा. उन्हाळ्यात पानगळीच्या वेळी बसविलेले यंत्र जुलैत कमी पडू लागले, तर कारण बहुधा हेच असते.

सिग्नल वाढवून देतो असे सांगून काही विक्रेते मोबाइल बूस्टर खपवितात. तो परवानगीशिवाय विकणे किंवा बसविणे आपल्या देशात बेकायदेशीर आहे. शिवाय तो शेजारपाजारच्या सर्वांच्या सिग्नलमध्ये गोंगाट वाढवितो. एका घराच्या सोयीसाठी सगळ्या चाळीची गैरसोय करणे योग्य नव्हे. घरातील वाय-फाय रिपीटर हा वेगळा, त्याला ही बंदी लागू नाही.

तिसरा प्रकार रात्रीच्या गर्दीचा. आकडे दोन्ही चांगले, पहाटे वेग भरपूर, पण रात्री नऊ ते अकरा सगळे मंद. टॉवरची एकूण क्षमता ठरलेली असते व ती त्या वेळी सर्वांत वाटली जाते. यंत्र कुठेही हलविले तरी येथे फायदा नाही. व्याख्याने पहाटे उतरवून ठेवणे आणि अर्ज दिवसा भरणे एवढेच आपल्या हाती आहे. याच वेळी प्लॅनच्या अटीही वाचाव्यात. ठराविक डेटा संपला की पुष्कळ प्लॅनमध्ये वेग एकदम खाली आणतात, आणि घरातल्यांना वाटते सिग्नल गेला. घरातील कोणाचा मोबाइल रात्रभर फोटो वर चढवीत असेल, तर डेटा महिन्याच्या मध्यातच संपतो.

एवढे सर्व करूनही वेग मिळत नसेल तर कंपनीकडे तक्रार करावी. नेट चालत नाही एवढेच सांगू नये. वहीतील तारीख, वेळ, केबल लावून मोजलेला वेग आणि दोन्ही आकडे वाचून दाखवावेत आणि तक्रार क्रमांक मागून घ्यावा. केंद्र शासनाने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या बदलून किमान वेग ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केला, हेही ठाऊक असू द्यावे. समाधान झाले नाही तर ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते, त्याला शुल्क पडत नाही. मुदत ३० दिवसांची आहे, आणि अपिलात तोच तक्रार क्रमांक लिहावा लागतो.