पावणेदोन हात माती

इंग्लंडमधल्या हेलीबरी कॉलेजात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला माल्थस अर्थशास्त्र शिकवत असे. लोकसंख्येवर निबंध लिहिणारा तोच माल्थस. त्याच्यासमोर बसणारी मुलं पुढे ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी व्हायची. त्यांतला एक हुशार विद्यार्थी, रॉबर्ट कीथ प्रिंगल, पुणे जिल्ह्यात आला आणि वर्गात शिकलेला जमिनीच्या खंडाचा सिद्धांत त्यानं इथल्या जमिनीला लावून पाहिला. १८३० साली त्याची आकारणी सर्वांत आधी कुठे लागू झाली? इंदापूर तालुक्यात. म्हणजे या तालुक्यातलं वरकुटे आणि त्याच्या शेजारपाजारची गावं, जिथे पाऊस जेमतेम आणि ज्वारी हेच जगणं, तिथल्या शेतकऱ्यांना त्या काळातला सगळ्यात नवा अर्थशास्त्रीय विचार सारा म्हणून भरावा लागला.

मला हे अजूनही विलक्षण वाटतं. आज विद्यापीठांत 'ग्रामीण नियोजन आणि नैसर्गिक संसाधनांचं व्यवस्थापन' या नावानं जे शिकवलं जातं, त्यातले कितीतरी धडे आधी याच शिवारात गिरवले गेले आहेत, आणि त्यांची किंमतही इथल्याच लोकांनी मोजली आहे.

प्रिंगलचं गणित कागदावर सुरेख होतं. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचं उत्पन्न काढायचं, त्यातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या नक्त उत्पन्नातले ५५ टक्के सरकारनं घ्यायचे. पण मोजणी सदोष झाली, हाताखालच्या लोकांनी पैसे खाऊन प्रती बदलल्या, त्यात धान्याचे भाव कोसळले. काही वर्षांतच जमिनी पडीक पडू लागल्या आणि रयत गावं सोडून निजामाच्या मुलखात जाऊ लागली.

तेव्हा गोल्डस्मिड नावाचा तरुण मुलकी अधिकारी आणि विंगेट नावाचा लष्करी इंजिनिअर यांनी हीच जमीन पुन्हा पाहिली. १८३६ मध्ये नवे दर ठरले, तेही ३० वर्षांसाठी कायम. त्यांनी नक्त उत्पन्नाचा नाद सोडला. मागच्या वर्षांत प्रत्यक्ष वसूल किती झाला, पाऊसपाणी कसं आहे, बाजारपेठ किती लांब आहे, हे पाहून गावांचा दर ठरवला. आणि एका शेताला दुसऱ्याच्या मानानं किती आणे लावायचे, एवढ्यापुरतं मातीला विचारलं.

कसं विचारलं, ते पाहण्यासारखं आहे. १८४७ च्या त्यांच्या संयुक्त अहवालात त्याचा तक्ता पक्का झाला. मातीच्या तीन जाती: बारीक पोताची काळी, जरा भरड तांबूस आणि मुरमाड, भुरकट. मग खोली, हातांत मोजलेली. काळी माती पावणेदोन हात खोल असेल तर सोळा आणे, पाऊण हात असेल तर आठ आणे, नुसती पाव हात असेल तर साडेचार. असे नऊ वर्ग. शिवाय दोष: चुनखडी, वाळू, उतार, माती धरून न राहणं, पाणी न मुरणं, ओढ्याचं पाणी वरून वाहून जाणं, उपळ म्हणजे जमिनीतून वर येणारा पाझर. एक दोष सापडला की शेत एक वर्ग खाली.

आता मृदाशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा तक्ता दाखवा. खोली, पोत, उतार, चुन्याचं प्रमाण, निचरा: तो आज खड्डा खणून हेच नोंदवतो. खोलीला एवढं महत्त्व का, हेही त्याला सांगता येतं. एक मीटर खोल काळी माती पिकाच्या कामी येईल असं साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी धरून ठेवते. पावणेदोन हात म्हणजे ८० सेंटिमीटर. तिथे १२० ते १६० मिलिमीटर ओल राहते. पाव हात मातीत जेमतेम २०. परतीचा पाऊस गेल्यावर रब्बीची ज्वारी महिनोन्‌महिने याच साठ्यावर उभी असते. विंगेटचे आणे मुळात जमिनीतल्या पाण्याचे आणे होते.

मातीखाली गोष्ट आणखी अजब होते. इथला काळा पाषाण पाणी फार कमी धरतो. शंभर घनमीटर खडकातून एक ते तीन घनमीटर पाणी विहिरीला मिळतं. दोन टक्के धरा. पावसातलं फक्त ५० मिलिमीटर पाणी खाली मुरलं, तरी विहिरीची पातळी अडीच मीटर वर येते! आणि उपशाला उतरतेही तितक्याच झपाट्यानं. विहीर तुडुंब दिसली म्हणून पाणी भरपूर आहे असं समजणं किती फसवं, ते या एका भागाकारात कळतं.

पुढचा इतिहास भराभर घडला. तीस वर्षं संपताच १८६७ मध्ये फेरआकारणी झाली, तीही आधी इंदापूरला, आणि सारा बराच वाढला. १८७५ च्या मे महिन्यात आजच्या बारामती तालुक्यातल्या सुप्यात चिडलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या कर्जाच्या वह्या पेटवल्या. लगेच १८७६ चा दुष्काळ. दुष्काळी कामातून नीरेचा डावा कालवा निघाला आणि भोरकडच्या भाटघरचं पाणी बारामती-इंदापुरात आलं. पाण्याची वाटणी नीट व्हावी म्हणून याच कालव्यावर अभियंते विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली.

कालव्यानं ऊस आणला आणि खारही आणला. निचरा नसलेल्या काळ्या मातीला पाणी देत राहिलं की भूजल वर चढतं, क्षार पृष्ठभागावर येतात, रान पांढरं पडतं. पाणी नसणं जसं संकट, तसं निचऱ्याविना पाणी हेही. २००९ मध्ये बारामतीजवळ माळेगाव खुर्दला दुष्काळ, क्षार, उष्णता अशा अजैविक ताणांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था उभी राहिली. तिच्यासाठी याहून योग्य जागा मला सुचत नाही.

एक हिशेब वाचकानंही करून पाहावा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. वर्षाला ५०० मिलिमीटर धरला तर ५० लाख लिटर. उसाला साधारण २,००० मिलिमीटर लागतं, म्हणजे दोन कोटी लिटर. चार हेक्टरांवर पडलेला थेंबन्‌थेंब गोळा केला, काही उडू दिलं नाही, काही वाहू दिलं नाही, तरच एक हेक्टर ऊस. बाकीच्या तीन हेक्टरांवर मग गवतही उगवायचं नाही. तेव्हा ऊस कोणाच्या पाण्यावर उभा आहे, हा प्रश्न नियोजनाचा अभ्यास करणाऱ्याला टाळता येत नाही.

असा अभ्यास आज आपल्याकडे करता येतो. मुंबई आयआयटीत 'सितारा' हे केंद्र १९८५ पासून ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करतं. तिथले विद्यार्थी काही आठवडे गावात मुक्काम करतात. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं तुळजापूरला आवार आहे. आणि हे काही नवं नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर गावाचा घरोघर जाऊन अभ्यास केला आणि १९१७ मध्ये तो छापला. त्या शिवारात आता उंच इमारती आहेत.

प्रिंगल काही मूर्ख नव्हता. त्याचा सिद्धांतही टाकाऊ नव्हता. त्यानं विचारलं फक्त पुस्तकाला. कुळवामागे चालणाऱ्या माणसाला नाही. म्हणून गावातल्या मुलामुलींनी या विषयाकडे वळावं असं मला मनापासून वाटतं. चुनखडीचं रान कुठलं, उपळ कुठे लागते, कुठली विहीर आधी आटते, हे त्यांना घरातूनच माहीत असतं. सुरुवात आजच करता येईल: घरचा सातबारा काढा, त्यावर आकाराचे रुपये-पैसे आणि पोटखराबा पाहा. ते जुन्या मोजणीचेच वंशज आहेत. मग फावडं घेऊन शेतात जा आणि माती किती हात आहे ते स्वतः मोजा.