कार्डाची खाच बिघडली, तर संगणक मोडीत काढू नका

वाचकहो, अरबी आखातातला कतार हा देश आपल्या बेटाच्या पाच-सहा पट मोठा असला, तरी बहुतेक सारा वाळवंटच आहे. नोकरीच्या निमित्ताने तेथे अनेक मराठी कुटुंबे राहतात. नोकरी बदलली की घर बदलते, कधी देशही बदलतो, आणि सामानाबरोबर मुलांचा मोठा संगणकही खोक्यात बसून प्रवास करतो. नव्या घरी तो सुरू करावा, तर पंखे फिरतात पण पडदा काळाच! आपल्याही घरांतून मुले शिकायला आणि नोकरीला परदेशी जातात, तेव्हा हा प्रसंग कोणावरही येऊ शकतो.

पडद्यावर चित्र उमटवणारे ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डावरील एका लांब खाचेत बसवलेले असते. तिला स्लॉट म्हणतात. आजच्या मोठ्या कार्डांचे वजन दीड-दोन किलोपर्यंत जाते. संगणक उभा असला की हा भार आडवा लोंबतो, आणि प्रवासातले धक्के थेट खाचेला बसतात. खाचेच्या टोकाला कार्ड धरून ठेवणारी एक छोटी खिटी असते. ती न दाबता कार्ड ओढले की ती मोडते, क्वचित खाचच उचकटते.

कतारच्या हवेचाही त्रास असतो. उन्हाळ्यात दोह्याचा पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो आणि 'शमाल' नावाचा वायव्येचा वारा बारीक धूळ उडवतो. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात किनाऱ्यावर इतका दमटपणा असतो, की थंड खोलीतून बाहेर पडताच चष्म्यावर वाफ धरते. तशीच वाफ थंड संगणकावरही धरते. म्हणून असा संगणक हलवला, तर दोन तास तसाच ठेवून मग सुरू करावा. वाक्वाच्या दमट हवेत राहणाऱ्या आपल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको.

आता तपासणी क्रमाने करू. पडद्याची तार कार्डालाच जोडली आहे ना, हे प्रथम पाहावे. पुष्कळदा ती चुकून मदरबोर्डाच्या छिद्रात असते. कार्डाला वीज देणारी वेगळी तार घट्ट बसली आहे का, तेही पाहावे. मग प्लग भिंतीतून काढावा, सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी आणि केबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी. वातानुकूलित कोरड्या खोलीत हे विसरू नये. नंतर स्क्रू काढून, खिटी दाबून, कार्ड सरळ वर उचलावे.

टॉर्च आणि भिंग घेऊन खाचेत पाहा. आत दोन्ही बाजू मिळून १६४ बारीक पिना असतात. एखादी वाकली आहे का, धूळ किंवा कचरा अडकला आहे का, प्लास्टिक तडकले आहे का, हे पाहावे. धूळ हाताच्या फुंकणीने उडवावी. तोंडाने फुंकू नये, थुंकीचा ओलावा जातो. आत सुई किंवा टाचणी घालू नये. कार्डाची सोनेरी कड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या स्वच्छ कापडाने हलकेच पुसावी आणि पूर्ण वाळल्यावर कार्ड पुन्हा बसवावे.

तरीही पडदा काळाच राहिला, तर दोष खाचेचा की कार्डाचा, हे ठरवावे लागते. शेजाऱ्याकडचे चालू कार्ड या खाचेत लावून पाहावे आणि आपले कार्ड दुसऱ्या संगणकात. आपले कार्ड तिकडे चालले आणि त्यांचे इकडे चालले नाही, तरच संशय मदरबोर्डावर घ्यावा. ही अदलाबदल न करता नवे कार्ड किंवा नवा बोर्ड आणणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! एक लक्षात ठेवावे, या खाचेच्या तारा बहुधा थेट प्रोसेसरकडे जातात. त्यामुळे प्रोसेसरखालची पिन वाकली असली, तरी दोष खाचेचाच वाटतो. ती तपासणी मात्र जाणकारावर सोपवावी.

नुकसान किती गंभीर, हे जागेवर अवलंबून असते. केवळ खिटी मोडली असेल, तर स्क्रू आणि खालून एक टेकू यांवर काम भागते. खाचेच्या लांब भागात माहितीचे सोळा मार्ग असतात. त्यांतले टोकाचे काही तुटले, तरी कार्ड पुष्कळदा आठ किंवा चार मार्गांवर चालते. वेग थोडा कमी होतो, पण अभ्यास आणि ऑफिसचे काम अडत नाही. बोर्डावर दुसरी लांब खाच असेल, तर कार्ड तेथे हलवता येते. प्रोसेसरमध्येच चित्राची सोय असेल, तर कार्ड काढून पडद्याची तार मदरबोर्डाला जोडावी.

आखूड भागाची गोष्ट मात्र वेगळी. तेथून कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज मिळते. तेथे पिना एकमेकींना चिकटल्या असतील, काळा डाग दिसला किंवा जळका वास आला, तर संगणक पुन्हा सुरू करू नये. खाच बदलण्याचे काम घरच्या डाखणीने होत नाही. बोर्डात तांब्याचे अनेक थर असतात आणि त्याला खास यंत्र लागते. दुरुस्तीचा खर्च नव्या बोर्डाच्या जवळ जात असेल, तर बोर्ड बदलणेच शहाणपणाचे.

आणि घाबरू नका. लग्नाचे फोटो, मुलांचे प्रबंध, आजीचा आवाज, हे सारे डिस्कमध्ये असते, खाचेत नसते. दुरुस्तीला देताना डिस्क काढून घरी ठेवावी. पुढच्या प्रवासापूर्वी कार्ड काढून मऊ वेष्टनात वेगळे बांधावे. पाच मिनिटांचे हे काम पुढचा मोठा खर्च वाचवते.