उगीचचा आनंद

साचलेल्या पाण्यात पाय आपटत चाललेल्या मुलाला ‘हे कशाला करतोस?’ असं विचारलं तर तो गोंधळतो. फार तर ‘उगीच’ म्हणतो. मोठ्यांच्या भाषेत ‘उगीच’ म्हणजे निरर्थक. आनंद व्हायचा तर त्याला काहीतरी कारण हवं, जसं निकाल चांगला लागला, पगार वाढला, असं आपण धरून चालतो. पण आनंदाला बाहेरून कारण लागतंच का? आणि नसलेलं कारण जोडून दिलं तर आनंद वाढतो की घटतो? हा प्रश्न प्रयोग करून तपासता येतो आणि तसा तो तपासलाही गेला आहे.

सुरुवात माकडांपासून करू. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस ऱ्हीसस माकडांना एक कोडं दिलं. खीळ काढायची, आकडा सोडवायचा, मग कोयंडा उचलायचा. ते उघडून खायला काहीच मिळत नव्हतं. प्राणी भूक, तहान, वेदना यांसारख्या गरजांपोटीच शिकतात, असा त्या काळी बऱ्याच शास्त्रज्ञांचा समज होता. माकडं मात्र कोडं पुन्हा पुन्हा सोडवत राहिली आणि त्यात तरबेजही झाली. सोडवण्यातली मजा हेच त्यांचं बक्षीस होतं, असं म्हणावं लागेल.

मग अशा कामाला बक्षीस लावलं तर काय होईल? १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी एका बालवाडीतल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांबरोबर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. मोकळ्या वेळात आपणहून रंगीत स्केचपेननं चित्रं काढणारी मुलं त्यांनी निवडली आणि त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला आधीच सांगितलं, ‘चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल.’ दुसऱ्या गटाला आधी काही न सांगता, चित्रं काढून झाल्यावर तेच प्रमाणपत्र दिलं. तिसऱ्या गटाला काहीच दिलं नाही.

एक-दोन आठवड्यांनी स्केचपेन पुन्हा वर्गात ठेवले. आता बक्षीस कुणालाच नव्हतं. मुलांच्या नकळत त्यांचं निरीक्षण केलं तेव्हा काहीही न मिळालेली मुलं सुमारे १७ टक्के वेळ चित्रं काढत होती आणि अचानक प्रमाणपत्र मिळालेली सुमारे १८ टक्के. बक्षीस ठरवून चित्रं काढलेली मुलं मात्र जेमतेम ९ टक्के वेळ तिकडे वळली. म्हणजे आवड जवळजवळ निम्म्यावर आली होती.

असं का झालं असावं? आपण एखादी गोष्ट का करतो, याचा हिशेब मन आपल्या नकळत मांडत असतं, असं या संशोधकांचं स्पष्टीकरण होतं. बक्षीस डोळ्यांसमोर असलं की मूल स्वतःविषयी निष्कर्ष काढतं, ‘मी हे बक्षिसासाठी करतो.’ मग बक्षीस गेलं की करण्याचं कारणही जातं. अचानक मिळालेल्या बक्षिसानं नुकसान झालं नाही, कारण ती चित्रं त्यासाठी काढलेलीच नव्हती.

मग बक्षीस वाईटच का? नाही. १९९९ साली एडवर्ड डेसी, रिचर्ड कोस्टनर आणि रिचर्ड रायन यांनी अशा १२८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. आधी कबूल केलेल्या वस्तुरूप बक्षिसांमुळे आवडीच्या कामातली गोडी घटते, हे त्यात पुन्हा दिसलं. पण कामाबद्दल मनापासून केलेल्या तोंडी कौतुकाचा परिणाम तसा नव्हता. शिवाय मुळात कंटाळवाण्या कामात बक्षिसानं बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. धोका असतो तो आनंद आधीपासून आहे तिथेच.

मोठ्यांचंही वेगळं नाही. २०१६ साली जॉर्डन एटकिन यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पावलं मोजत चालणारी माणसं जास्त चालली, पण चालण्यातली त्यांची मजा कमी झाली. संध्याकाळी उगीच मारलेला फेरफटका मोबाइलवरच्या आकड्यासाठी होऊ लागला की तो फेरफटका राहत नाही, ते काम होतं.

आता आपल्या वर्गाकडे पाहू. कोऱ्या कागदावर रेघोट्या ओढणारी, किडा निरखत बसणारी, गणिताचं कोडं घरी जाऊन सोडवून आणणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. ‘याला गुण आहेत’ असं आपण म्हणतो ते प्रोत्साहन म्हणूनच. पण ज्याला गोडी आहे त्याच्या हातात आपण एक वेगळंच कारण ठेवत असतो. पुढे ‘सर, हे परीक्षेला आहे का?’ असं तोच विचारू लागला, तर त्यात आपलाही वाटा नसेल का?

एक साधी गोष्ट करून पाहता येईल. आठवड्यातला एक तास असा ठेवा की त्यात गुण नाहीत, स्पर्धा नाही, वहीवर शेरा नाही. पुस्तकं, भिंग, खडू, मोजपट्टी, माती असं साहित्य मांडून ठेवा. कोण कशाकडे वळतं, किती वेळ रमतं याची नोंद फक्त स्वतःसाठी ठेवा. सुरुवातीला काही मुलं ‘आता काय करू?’ असं विचारतील. घाई करू नका. महिन्याभरानं नोंदी पुन्हा वाचा. आणि त्या तासाला आपणही एखादी गोष्ट, विनाकारण, करायला काय हरकत आहे?