पिकअपचे पाटे काढावेत का?

टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजारात पिकअप गाड्यांची रांग लागते. जुन्नर तालुक्यातल्या गाड्या असतात, तशाच आंबेगावातून मंचरमार्गे आलेल्याही. अशाच एका रांगेत एका शेतकऱ्याने आम्हाला प्रश्न विचारला. त्यांच्याकडे जुनी टाटामोबाइल आहे. टेल्कोने १९८८ मध्ये बाजारात आणलेल्या या पिकअपला मागे अखंड आस आणि पाट्यांचे स्प्रिंग असतात. "सर, चांगल्या मोटारींना मागची चाकं सुटी असतात म्हणे. भंगारातून तसा संच आणून बसवला, तर माल कमी दबेल का? निम्मे क्रेट नेले की टोमॅटो जास्तच फुटतात."

प्रश्न पैशाचा आहे, पण उत्तर नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रात सापडते. आधी एक प्रयोग करून पाहू या.

बारीक तारेचा, वेटोळी एकमेकांना न चिकटलेला हलका स्प्रिंग टांगा. त्याला वजन अडकवून तो किती ताणला जातो ते मोजा. मग वजन किंचित खाली ओढून सोडा आणि २० दोलनांना लागणारा वेळ नोंदवा. ताण ४ सेंमी असेल, तर सुमारे ८ सेकंद लागतील. वजन चौपट केले की ताण १६ सेंमी होईल आणि वेळ सुमारे १६ सेकंद. म्हणजे दर सेकंदाची दोलने काढण्यासाठी ५ या संख्येला ताणाच्या (सेंमीमधील) वर्गमुळाने भागले की पुरे. स्प्रिंग ताणला जावो की दाबला जावो, नियम तोच.

आता पिकअपकडे वळू. समजा, रिकाम्या गाडीच्या मागच्या पाट्यांवर ४०० किलो भार आहे आणि हौदा भरल्यावर तो १,६०० किलो होतो. पाटे रिकामेपणी ४ सेंमी दबत असतील, तर भरल्यावर १६ सेंमी दबतील. रिकामी गाडी सेकंदाला अडीच वेळा उडेल, भरलेली सव्वा वेळाच. मग रिकाम्या गाडीलाही मऊ स्प्रिंग का देऊ नयेत? कारण रिकामेपणी १६ सेंमी दबणारा स्प्रिंग भरल्यावर ६४ सेंमी दबेल, आणि हौदा चाकांवर टेकेल!

टोमॅटो का फुटतात तेही यातूनच कळते. खड्ड्यामुळे हौदा वर उसळला आणि स्प्रिंग जितका दबलेला होता तितकाच वर आला, तर स्प्रिंग मूळ लांबीवर येतो. त्या क्षणी हौद्याला आधार उरत नाही आणि क्रेटमधला टोमॅटो जणू वजनहीन होतो. पुढच्याच क्षणी तो खाली आदळतो. रिकाम्या गाडीत यासाठी ४ सेंमीची उसळी पुरते, भरलेल्या गाडीत १६ सेंमीची लागते. अर्धी गाडी या दोहोंच्या मधे येते. शेतकऱ्याचे निरीक्षण अगदी बरोबर होते.

सुट्या चाकांनी यात काय बदलेल? अखंड आशीत दोन्ही चाके एकाच नळकांड्याच्या टोकांना असतात आणि मधला जड डिफरन्शियलही चाकांबरोबर वर-खाली होतो. एक चाक दगडावर चढले की दुसरेही कलते. सुट्या चाकांच्या रचनेत डिफरन्शियल चॅसिसला जखडलेला असतो आणि प्रत्येक चाक आपापल्या दांड्यांवर हलते. स्प्रिंगखालचे वजन घटल्याने खडबडीत रस्त्यावर चाक जमिनीला अधिक धरून राहते. हा फायदा खरा आहे. परंतु आस अखंड आहे की चाके सुटी आहेत, याच्याशी आपल्या वरच्या सूत्राला कर्तव्य नाही. रिकाम्या आणि भरलेल्या भारातला चौपटीचा फरक तसाच राहतो, म्हणून अर्ध्या गाडीची उसळीही राहते.

शिवाय नव्या अडचणी येतात. भार पडून हौदा खाली आला की सुट्या चाकांचा कोन सहसा बदलतो आणि टायर एका कडेने झिजतात. अखंड आशीची चाके मात्र सरळच राहतात. पाटे नुसता भार पेलत नाहीत, ते आशीला जागेवर धरतात आणि ब्रेक लागताना तिला पिळू देत नाहीत. ते काढले तर ही सारी कामे जुन्या चॅसिसवर केलेल्या नव्या जोडांवर येतात.

अमेरिकेत हौशी लोक जुन्या पिकअपना जग्वारचा मागचा संच बसवतात. १९६१ पासून जग्वारने वापरलेला हा संच पिंजऱ्यासारख्या चौकटीत अखंड निघतो. पण त्या गाड्या हौसेने फिरवायच्या असतात, दीड टन टोमॅटो वाहायच्या नसतात. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ वाहनातील फेरफारांवर बंधने घालते, हेही ध्यानात घ्यायला हवे.

मग उपाय काय? पिकअपच्या मुख्य पाट्यांना जोडून असलेले हेल्पर पाटे भार वाढल्यावरच टेकतात. त्यामुळे मुख्य पाटे थोडे मऊ ठेवता येतात. ते तुटलेले नाहीत ना, शॉकअॅब्सॉर्बर गळत नाहीत ना, हे आधी पाहावे. टायरमधली हवा भारानुसार ठेवावी. निम्मेच क्रेट असतील, तर ते केबिनला लागून, कमी उंचीवर रचून घट्ट बांधावेत, कारण मागचे टोक सर्वांत जास्त उसळते.

आम्ही त्या शेतकऱ्याला हेच सांगितले. त्यांनी हौद्याखाली वाकून पाहिले, तर एका बाजूचा शॉकअॅब्सॉर्बर तेलाने माखलेला होता. आपल्या शाळेजवळ एखादी पिकअप उभी असेल, तर विद्यार्थ्यांना फूटपट्टी घेऊन पाठवा. रिकाम्या गाडीचा हौदा जमिनीपासून किती उंच आहे आणि भरल्यावर किती, हे त्यांना मोजू द्या. वरचे गणित मग त्यांनी स्वतः करावे.