परवान्याला मताची अट

बॉस्टनचे महापौर टॉमस मेनिनो यांनी २० जुलै २०१२ रोजी एका व्यापारी कंपनीच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. कोंबडीच्या सँडविचसाठी प्रसिद्ध असलेली 'चिक-फिल-ए' ही उपाहारगृहांची साखळी त्या वेळी बॉस्टनमध्ये जागेच्या शोधात होती. शहराच्या 'फ्रीडम ट्रेल'वर भेदभावाला थारा नाही आणि त्या मार्गालगत आपल्या कंपनीलाही थारा नाही, असे महापौरांनी कळविले. फ्रीडम ट्रेल म्हणजे अमेरिकी स्वातंत्र्यलढ्याची स्थळे जोडणारी पायवाट. तिची साक्ष काढून एका नागरिकाला त्याच्या मताबद्दल शहराबाहेर ठेवण्याची भाषा करावी, यातील विसंगती महापौरांच्या ध्यानात आली नसावी.

कंपनीचे मूळ जॉर्जिया राज्यातले. ट्रुएट कॅथी या श्रद्धाळू बाप्टिस्ट गृहस्थाने १९४६ मध्ये तेथे एक छोटे उपाहारगृह काढले आणि रविवार हा देवाचा वार म्हणून ते बंद ठेवण्याचा नियम घातला. पुढे साखळी देशभर पसरली, तरी रविवारच्या धंद्याचा मोह कंपनीने धरला नाही. त्यांचे चिरंजीव डॅन कॅथी यांनी २०१२ मध्ये बायबलप्रणीत कुटुंबसंस्थेचा पुरस्कार केला आणि विवाहाची व्याख्या बदलू पाहणारी पिढी ईश्वरी कोपाला आमंत्रण देत आहे, असे उद्गार काढले. समलिंगी विवाहाला विरोध करणाऱ्या संस्थांना कंपनीकडून देणग्या जात होत्या, हेही उघड होते.

हे मत अनुदार आहे यात संशय नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये २००४ साली समलिंगी विवाहांना मान्यता मिळाली, तेव्हा विवाहासाठी आलेल्या जोडप्यांच्या स्वागताला मेनिनो स्वतः नगरभवनासमोर उभे होते. त्यांचा संताप दिखाऊ नव्हता. परंतु एखाद्या समलिंगी ग्राहकाला अन्न नाकारले, अशी तक्रार त्यांच्या पत्रात नव्हती. तसे घडले असते तर त्याला कायद्यात इलाज होता. पत्रात आक्षेप होता तो मालकाच्या बोलण्यावर.

शिकागोत प्रकरण याहून पुढे गेले. तेथे प्रभागातील बांधकाम व भूवापराच्या परवानग्यांबाबत स्थानिक नगरसेवकाचा शब्द मोडायचा नाही, असा अलिखित रिवाज दीर्घकाळ चालत आला होता. त्या बळावर जो मोरेनो या नगरसेवकाने आपल्या प्रभागात कंपनीला परवानगी मिळू देणार नाही, असे जाहीर केले. वाहतुकीच्या कोंडीचीही चिंता त्यांनी जोडीला घेतली. महापौर राम इमॅन्युएल यांनी चिक-फिल-एची मूल्ये ही शिकागोची मूल्ये नव्हेत, असा निर्वाळा दिला. गंमत अशी की, त्या वेळी इलिनॉय राज्याच्या कायद्यात समलिंगी विवाहाला स्थानच नव्हते. ते मिळाले २०१३ च्या नोव्हेंबरात. शिकागोचेच बराक ओबामा यांनी अशा विवाहांना पाठिंबा जाहीर केला तोही २०१२ च्या मे महिन्यात. म्हणजे एप्रिलपर्यंत खुद्द राष्ट्राध्यक्षही या कसोटीला पुरते उतरले नसते!

महापालिकेच्या खिडकीशी ज्याने कधी हेलपाटे घातले आहेत, त्याला परवान्याची किंमत सांगावी लागत नाही. नकार देताना खरे कारण लिहावे लागत नाही. रहदारी, सांडपाणी, आगीची भीती, कोणतेही कारण पुरते. अमेरिकेला हा अनुभव जुना आहे. लाकडी इमारतीत धोबीखाना चालवायचा तर नगरमंडळाची संमती हवी, असा नियम सॅन फ्रान्सिस्कोने १८८० मध्ये केला. शहरातले बहुतेक धोबीखाने लाकडीच होते. सुमारे दोनशे चिनी धोब्यांनी अर्ज केले, ते सर्व फेटाळले गेले. चिनी नसलेल्या ऐंशीएक अर्जदारांना, एक अपवाद वगळता, संमती मिळाली. नियमात वंशाचा उल्लेखही नव्हता. यिक वो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धोब्याचा धंदा बावीस वर्षांचा होता आणि अग्निसुरक्षेचा दाखलाही त्याच्यापाशी होता. १८८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. पण तोवर त्याने तुरुंग पाहिला होता.

या परंपरेची जाण असलेल्यांनी २०१२ मध्ये महापौरांना सावध केले. न्यूयॉर्कचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग समलिंगी विवाहाचे खंदे पुरस्कर्ते. पण परवाना देताना अर्जदाराचे राजकीय वा धार्मिक मत विचारणे हे सरकारचे काम नव्हे, असे त्यांनी ठामपणे सांगितले. समलिंगींच्या हक्कांसाठी न्यायालयात झगडणाऱ्या नागरी स्वातंत्र्य संघटनेच्या इलिनॉय शाखेचेही म्हणणे तेच होते. मेनिनोंनी लवकरच कबूल केले की, कंपनीला अडविण्याचा अधिकार आपल्याला नाही.

त्याच जुलै महिन्यात टेनेसीतील मर्फ्रीजबरो येथे निराळाच वाद चालू होता. तेथील मुस्लिमांनी रीतसर मंजुरी घेऊन मशीद बांधली होती. विरोधकांनी सभेची सूचना नीट प्रसिद्ध झाली नाही या मुद्द्यावर ती मंजुरीच रद्द ठरवून घेतली. अखेर संघीय न्यायाधीशाला हस्तक्षेप करावा लागला. शहराच्या मूल्यांशी जुळत नाही म्हणून दार बंद, हे तत्त्व बॉस्टनमध्ये मान्य केल्यावर टेनेसीत ते अमान्य कसे करणार?

महापालिका स्वतःची जागा भाड्याने देते किंवा कंत्राट देते, तेव्हा प्रश्न थोडा कठीण होतो. पसंतीचा अधिकार तिला असतोच. तरीही कॅन्ससमधील एका कचरा-कंत्राटदाराच्या खटल्यात, केवळ टीका केली म्हणून कंत्राट तोडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ठरविले. सॅन अँटोनियोच्या नगरमंडळाने २०१९ मध्ये ६ विरुद्ध ४ मतांनी याच कंपनीला विमानतळावरून वगळले. टेक्सासच्या विधिमंडळाने त्यावर स्वतंत्र कायदाच केला आणि अपमानित व्हायला हवी होती ती कंपनी अनेकांच्या दृष्टीने हुतात्मा ठरली. २०१२ सालीही तेच घडले होते. १ ऑगस्ट रोजी समर्थकांनी उपाहारगृहांपुढे लांबच लांब रांगा लावल्या.

नागरिकांचा बहिष्कार ही वेगळी गोष्ट. ज्याला कॅथींचे सँडविच कडू लागते त्याने ते खाऊ नये, दारात फलक घेऊन उभे राहावे, इतरांनाही परावृत्त करावे. हेही मतस्वातंत्र्यच आहे. वर्षानुवर्षे टीका झाल्यानंतर कंपनीने २०१९ च्या नोव्हेंबरात आपल्या देणग्यांचे धोरण बदलले आणि वादग्रस्त ठरलेल्या संस्थांचे साहाय्य थांबविले. ते बदलायला कोणत्याही नगरसेवकाची सही लागली नाही. बॉस्टन शहरात कंपनीचे उपाहारगृह २०२२ च्या जानेवारीत उघडले. रविवारी ते बंद असते.