आंशिक स्तन प्रारण चिकित्सा

प्रारंभिक अवस्थेतील स्तन कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेने काढल्यावर संपूर्ण स्तनाऐवजी केवळ गाठीच्या मूळ जागेभोवतालच्या ऊतकांना (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांना) प्रारण देण्याची पद्धत.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्तन, त्याखालील स्नायू व काखेतील लसीका ग्रंथी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया रूढ होती. इटलीत उंबेर्तो व्हेरोनेसी व अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९७०–८० या दशकात सुरू केलेल्या चाचण्यांवरून, लहान गाठ असल्यास केवळ बाधित भाग काढून स्तनास प्रारण दिले, तरी रुग्ण जगण्याचे प्रमाण कमी होत नाही, असे दिसून आले. मात्र या उपचारासाठी पाच-सहा आठवडे जवळजवळ रोज रुग्णालयात जावे लागे. दूर राहणाऱ्या अनेक स्त्रियांना ते अशक्य असल्याने राखता येण्याजोगा स्तनही गमवावा लागे.

स्तनात रोग पुन्हा उद्‌भवल्यास तो बहुधा मूळ गाठीच्या जवळच उद्‌भवतो, या निरीक्षणावर आंशिक चिकित्सा आधारलेली आहे. प्रारणित क्षेत्र लहान असल्याने हृदय, फुप्फुस व त्वचा यांना पोहोचणारे प्रारण घटते.

प्रारण देण्याच्या मुख्य रीती तीन आहेत : (१) बाहेरून क्ष-किरणांचे झोत सोडणे, (२) स्तनात बसविलेल्या बारीक नळ्यांतून इरिडियम-१९२ हा किरणोत्सर्गी पदार्थ काही काळ ठेवणे, (३) शस्त्रक्रियेच्या वेळीच प्रारण देणे. तिसऱ्या रीतीत मिलान येथे इलेक्ट्रॉनांची २१ ग्रे इतकी एकच मात्रा वापरण्यात आली (१ ग्रे = प्रती किग्रॅ. १ जूल शोषित ऊर्जा). लंडन येथे जयंत वैद्य, मायकेल बॉम व जेफ्री टोबायस यांनी गाठीच्या पोकळीत गोलाकार टोकाचे साधन ठेवून सुमारे अर्धा तास सौम्य क्ष-किरण देण्याची पद्धत विकसित केली.

परिणाम रुग्णांच्या निवडीवर अवलंबून असतात. मिलान येथील चाचणीत (२०१३) पाच वर्षांत त्याच स्तनात रोग उलटण्याचे प्रमाण ४·४%, तर संपूर्ण स्तनास प्रारण दिलेल्या गटात ०·४% आढळले. जगण्याच्या प्रमाणात फरक नव्हता. याउलट, ब्रिटनमध्ये ५० वर्षे व त्यांवरील, कमी धोक्याच्या स्त्रियांना बाहेरून १५ वेळा मिळून ४० ग्रे प्रारण दिले असता (२०१७) हे प्रमाण आंशिक चिकित्सेत ०·५% व संपूर्ण चिकित्सेत १·१% होते. म्हणून गाठ लहान, कडा रोगमुक्त, लसीका ग्रंथी निर्दोष व अर्बुद हॉर्मोन-संवेदी असल्यासच ही चिकित्सा प्रामुख्याने सुचवितात.

संपूर्ण स्तनाची चिकित्साही आता आटोपशीर झाली आहे. तीत पाच वेळा मिळून दिलेले २६ ग्रे प्रारण तीन आठवड्यांच्या उपचाराइतकेच परिणामकारक असल्याचे २०२० मध्ये दिसून आले. त्यामुळे केवळ खेपा वाचविणे हे आंशिक चिकित्सेचे एकमेव प्रयोजन राहिलेले नाही. निरोगी ऊतकांचे रक्षण व रोग उलटण्याचा धोका यांचा तोल रुग्णास समजावून देऊनच निर्णय घेणे इष्ट ठरते.